शांत बुडबुडे, घुसळते बुडबुडे: बबल कॉलममधला प्रवाह कूस का बदलतो

एक उभा नळा घ्या. त्यात पाणी भरा. तळाशी बारीक छिद्रांची चकती बसवा आणि त्या छिद्रांतून हवा सोडा. झाला बबल कॉलम. आत फिरणारा पंखा नाही, मोटर नाही, शाफ्टभोवतीचं सील गळण्याची भीती नाही. रसायन उद्योगात इतकं साधं दिसणारं यंत्र क्वचितच सापडेल. तरीही प्रयोगशाळेतला नळा कारखान्यात दहापट रुंद केला की आत काय होईल, हे सांगणं फार अवघड आहे. गेली कित्येक दशकं जगभर त्यावर काम चालू आहे आणि त्यातलं मोलाचं काम आपल्या माटुंग्यात झालं आहे.

या नळ्याचं काम एकच: वायूतला पदार्थ द्रवात उतरवणं. सांडपाण्यातल्या जिवाणूंना ऑक्सिजन पुरवायचा असतो. यीस्ट वाढवायचं असतं. इथिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड बनवायचं असतं. दक्षिण आफ्रिकेत सासोलबर्ग इथे १९९३ साली सासोल कंपनीने ५ मीटर व्यासाचा आणि सुमारे २२ मीटर उंचीचा बबल कॉलम सुरू केला. त्यात वितळलेलं मेण असतं, मेणात उत्प्रेरकाची पूड असते आणि तळातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचं मिश्रण वर येतं. त्यातून फिशर-ट्रॉप्श पद्धतीने इंधनाचे आणि मेणाचे रेणू तयार होतात. पुढे कतारमधल्या रास लफान इथे याच धर्तीचे त्याहून कितीतरी मोठे स्तंभ उभे राहिले.

वायू द्रवात उतरतो तो बुडबुड्याच्या पृष्ठभागातून. म्हणून सगळा खेळ पृष्ठभागाचा. एका घनमीटर मिश्रणात १५ टक्के जागा वायूने व्यापली असेल आणि प्रत्येक बुडबुडा ५ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर त्या सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग १८० चौरस मीटर भरतो. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे १३० चौरस मीटरचं असतं. एका घनमीटरच्या पेटीत त्याहून मोठं मैदान मावतं, आणि तेही कुठलाही हलणारा भाग न लावता. तोच वायू १ सेंटिमीटरच्या बुडबुड्यांत असेल तर मैदान लगेच निम्मं होतं. त्यामुळे वायू किती सोडला याइतकंच तो कुठल्या आकाराच्या बुडबुड्यांत, कुठल्या वाटेने आणि किती वेळात वर गेला, हेही महत्त्वाचं ठरतं. त्यालाच प्रवाहाची अवस्था म्हणतात. इंजिनिअर मंडळी सर्रास ‘रेजीम’ म्हणतात.

दोन आकडे आधी समजून घेऊ

पहिला आकडा वायूच्या वेगाचा. नळ्यात द्रव नाहीच असं समजायचं आणि सोडलेला वायू पूर्ण रुंदीभर पसरून किती वेगाने वर गेला असता, ते काढायचं. याला सुपरफिशियल वेग म्हणतात. ३० सेंटिमीटर व्यासाच्या नळ्यात सेकंदाला साधारण २.१ लिटर हवा सोडली तर हा वेग ३ सेंटिमीटर प्रतिसेकंद येतो. हा प्रत्यक्षातल्या कुठल्याही बुडबुड्याचा वेग नव्हे. लहानमोठ्या नळ्यांची तुलना करता यावी म्हणून वापरायचं ते एक माप आहे.

दुसरा आकडा होल्डअपचा, म्हणजे कुठल्याही क्षणी मिश्रणात वायूचा वाटा किती, त्याचा. तो मोजणं सोपं आहे. हवा बंद असताना पाणी २ मीटर उंच होतं आणि हवा सोडल्यावर पातळी २.३ मीटरवर गेली, तर वरचे ०.३ मीटर वायूने व्यापले. ०.३ भागिले २.३, म्हणजे होल्डअप सुमारे १३ टक्के.

आता पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ३ सेंटिमीटर भागिले ०.१३ म्हणजे सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटर. हा मात्र वायूचा खरा सरासरी वेग. स्थिर पाण्यात काही मिलिमीटरचा एकटा बुडबुडा साधारण याच वेगाने, सेकंदाला २०-२५ सेंटिमीटरने, वर जातो. म्हणजे आपल्या या नळ्यात प्रत्येक बुडबुडा जणू एकटाच असल्यासारखा, शेजाऱ्याच्या भानगडीत न पडता चढतो आहे. या भागाकारावर लक्ष ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यातूनच उलगडते.

शांत अवस्था

वायू कमी आणि छिद्रं बारीक असली की बुडबुडे जवळपास एकाच आकाराचे निघतात. ते सरळसोट किंवा किंचित नागमोडी चढतात. मधोमध जितके असतात तितकेच कडेलाही. एकमेकांत मिसळणं फारसं नाही, फुटणंही नाही. प्रत्येक बुडबुडा आपल्या पाठीमागे थोडं पाणी ओढत नेतो आणि तेवढंच पाणी बुडबुड्यांच्या फटींतून खाली उतरतं. ही देवाणघेवाण सगळीकडे सारखी चालते. याला एकसंध किंवा होमोजिनियस अवस्था म्हणतात.

या अवस्थेत हवा दुप्पट केली की होल्डअपही जवळपास दुप्पट होतो, किंबहुना थोडा जास्तच. कारण गर्दी वाढली की फटींतून उतरणाऱ्या पाण्याला वाट अपुरी पडते, ते वेगाने उतरतं आणि वर जाणाऱ्या बुडबुड्यांना आणखी रोखतं. बुडबुडे मंदावतात, म्हणजे आत जास्त वेळ राहतात. पदार्थ उतरवायला हे उत्तमच.

मग हवा वाढवतच न्यावी आणि होल्डअप ४०, ५० टक्क्यांवर पोचवावा, असं कुणालाही वाटेल. खूप काळजीपूर्वक, शेकडो सुया सारख्या अंतरावर बसवलेल्या स्पार्जरने (म्हणजे तळाशी हवा सोडणाऱ्या भागाने) प्रयोगशाळेत हे करूनही दाखवलं गेलं आहे. पण नेहमीच्या स्पार्जरने हवा आणि पाणी घेतलं तर सुपरफिशियल वेग सेकंदाला साधारण ४-५ सेंटिमीटरच्या आसपास गेला की ही शिस्त मोडायला लागते. १० सेंटिमीटरच्या पुढे ती पूर्ण मोडलेली असते. का मोडते, हा या विषयाचा गाभा आहे.

तोल कशाने जातो

कुठलाही प्रवाह अगदी एकसारखा कधीच नसतो. समजा, नळ्यात एका ठिकाणी योगायोगाने चार बुडबुडे जास्त जमले. तिथलं मिश्रण हलकं झालं. हलकं झाल्यामुळे तिथलं पाणी शेजारच्या पाण्यापेक्षा जरा वेगाने वर सरकू लागलं. आता प्रश्न असा: जमलेले बुडबुडे त्या वेगवान पट्ट्यातून बाहेर पडतील, की आणखी बुडबुडे तिथे ओढले जातील?

बाहेर पडले तर गडबड आपोआप मिटते. ओढले गेले तर पट्टा आणखी हलका, म्हणून आणखी वेगवान, म्हणून आणखी बुडबुडे तिकडे. एक लहानशी विषमता बघता बघता नळाभर पसरते.

याचं उत्तर बुडबुड्याच्या आकारात दडलेलं आहे, आणि मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. शेजारचं पाणी एका बाजूने वेगवान आणि दुसऱ्या बाजूने मंद असेल, तर त्यातून चढणाऱ्या बुडबुड्यावर आडवं बल लागतं. बुडबुडा लहान असेल तर हे बल त्याला मंद पाण्याकडे ढकलतं. बुडबुडा मोठा असेल तर तो चपटा होतो, डोलतो, त्याच्या मागचा भोवरा तिरका होतो आणि बलाची दिशाच उलटते. मोठा बुडबुडा वेगवान पाण्याकडे ओढला जातो. जपानमधल्या कोबे विद्यापीठातले अकिओ तोमियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एकेका बुडबुड्यावर प्रयोग करून हे बल कसं बदलतं ते मांडलं. त्यांच्या सूत्रावरून हवा आणि पाण्यासाठी ही सीमारेषा सुमारे ५.८ मिलिमीटरवर येते.

म्हणजे बहुतेक बुडबुडे या रेषेच्या आत असतील तर प्रवाह स्वतःच्या चुका स्वतःच दुरुस्त करतो. त्यातला पुरेसा वाटा रेषा ओलांडून गेला तर प्रवाह स्वतःच्या चुका वाढवत नेतो. हवा वाढवली की छिद्रातून निघणारे बुडबुडे मोठे होतात, गर्दीत ते एकमेकांत विलीनही होतात आणि रेषेपलीकडच्यांचा वाटा वाढत जातो. त्यामुळे अवस्था बदलण्याचा आकडा हा नळ्याचा जन्मजात गुणधर्म नसतो. बुडबुडे विलीन होणं, फुटणं आणि आडवं ढकललं जाणं यांच्या रस्सीखेचीतून तो ठरतो. हे एकदा पटलं की पुढे मीठ, दाब, चिकटपणा यांचे परिणाम पाठ करावे लागत नाहीत, विचार करून सांगता येतात.

घुसळती अवस्था

शिस्त मोडल्यावर नळ्याचं रूपच पालटतं. वायू मधल्या भागात गोळा होतो आणि तिथलं पाणी जोरात वर उसळतं. वर गेलेलं पाणी खाली यायलाच हवं, म्हणून ते भिंतीलगत उतरतं. केंद्रापासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या साधारण ७० टक्क्यांवर एक सीमा असते. तिच्या आत पाणी वर, बाहेर पाणी खाली. १ मीटर व्यासाच्या स्तंभात सुपरफिशियल वेग १० सेंटिमीटर असेल तर मध्यभागी पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा ते पाऊण मीटर असू शकतो. स्वतः पाण्याचा एक थेंबही आत-बाहेर होत नसताना! काचेच्या नळ्यात हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे काचेलगत बारीक बुडबुडे चक्क खाली येताना दिसतात. मात्र काचेतून दिसतो तो भिंतीलगतचा थर. मध्यभागी काय चाललं आहे ते त्यावरून कळत नाही, आणि फोटो बघून निष्कर्ष काढणारे इथेच फसतात.

आता तो भागाकार पुन्हा करू. हवा-पाण्याच्या मोठ्या स्तंभात सुपरफिशियल वेग २० सेंटिमीटरवर नेला तर होल्डअप साधारण २५ ते ३० टक्के मिळतो. समजा २५ टक्के मिळाला. २० भागिले ०.२५, म्हणजे वायूचा सरासरी वेग सेकंदाला ८० सेंटिमीटर. एकट्या बुडबुड्याच्या तिप्पट! हवा आधीच्या जवळपास सातपट केली, पण होल्डअप दुपटीलाही पोचला नाही. उरलेली हवा घाईघाईने निघून गेली.

ही घाई कुणाची, हे शोधण्याची एक युक्ती आहे आणि ती इतकी साधी आहे की रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती एकदा करून बघावी. चालू स्तंभाची हवा एकदम बंद करायची आणि पातळी कशी उतरते ते व्हिडिओवर टिपायचं. शांत अवस्थेतून बंद केलं तर पातळी एका सरळ रेषेत उतरते, कारण सगळे बुडबुडे सारख्याच वेगाने बाहेर पडतात. घुसळत्या अवस्थेतून बंद केलं तर पहिले एक-दोन सेकंद पातळी धाडकन कोसळते आणि मग सावकाश उतरते. पहिला उतार मोठ्या बुडबुड्यांचा, दुसरा लहानांचा. दुसरी रेषा मागे, हवा बंद केली त्या क्षणापर्यंत वाढवली की लहान बुडबुड्यांचा वाटा मिळतो.

आपल्या उदाहरणात समजा २५ पैकी १५ टक्के लहान बुडबुड्यांचे आणि १० टक्के मोठ्यांचे निघाले. ॲमस्टरडॅम विद्यापीठातले राजमणी कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या चित्रानुसार, शांत अवस्था संपताना जितका वायू लहान बुडबुड्यांतून जात होता तितकाच पुढेही जात राहतो, आणि त्यावरचा सगळा वायू मोठ्यांच्या वाट्याला येतो. म्हणजे २० पैकी ४ सेंटिमीटर लहानांतून, १६ मोठ्यांतून. लहानांचा वेग ४ भागिले ०.१५, सुमारे २७ सेंटिमीटर. मोठ्यांचा १६ भागिले ०.१, तब्बल १६० सेंटिमीटर. १० मीटरच्या स्तंभात लहान बुडबुडा अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकतो, मोठा ६ सेकंदांत पसार होतो. आणि आपण पैसे मोजून दाबलेल्या हवेतला ८० टक्के वाटा या ६ सेकंदवाल्यांकडे आहे.

हे चित्र हिशेबाला सोयीचं आहे, पण ते शब्दशः घेऊ नये. ज्यांना आपण मोठे बुडबुडे म्हणतो ते खरोखर अखंड बुडबुडे असतात, की एकत्र धावणारे लहान बुडबुड्यांचे पुंजके, यावर संशोधकांचं एकमत नाही. शिवाय ते सतत फुटतात आणि पुन्हा जुळतात. त्यामुळे त्यांचा पृष्ठभाग ताजा राहतो आणि ६ सेकंदांच्या मानाने त्यांच्यातून बराच जास्त पदार्थ द्रवात उतरतो.

व्यास वाढला की

माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, ज्येष्ठराज जोशी आणि मनमोहन शर्मा यांनी १९७९ साली या घुसळणीचं एक प्रारूप मांडलं. स्तंभात वर-खाली फिरणारं एकच लांबलचक चक्र नसून एकावर एक रचलेली अनेक चक्रं असतात आणि प्रत्येकाची उंची साधारण स्तंभाच्या व्यासाइतकी असते, ही त्यामागची कल्पना. वायू आत आणत असलेल्या ऊर्जेचा ताळेबंद मांडून त्यांनी पाण्याच्या फिरण्याचा वेग काढला. तो व्यासाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. व्यास आठपट केला तर फिरण्याचा वेग दुप्पट. कागद-पेन्सिलीने सोडवता येणारं हे गणित आजही संदर्भ म्हणून वापरलं जातं. पुढे जोशी यांच्या गटाने शांत प्रवाह कुठल्या टप्प्यावर अस्थिर होतो याचंही गणित मांडलं, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे यांच्या गटाने अशा प्रवाहांची संगणकीय प्रारूपं तयार केली.

व्यास इतका महत्त्वाचा का? कारण चक्राला फिरायला जागा लागते. नळा जितका रुंद तितकी चक्रं मोठी आणि वेगवान, आणि तितकं वरचं-खालचं मिसळणं जास्त. हे मिसळणं मोजणारा गुणांक साधारणपणे व्यासाच्या चार-तृतीयांश घाताने वाढतो, असं १९७५ पासून वापरात असलेलं बेअर्ड आणि राइस यांचं सूत्र सांगतं. १० सेंटिमीटरच्या नळ्यावरून १ मीटरच्या स्तंभावर गेलात तर हे मिसळणं सुमारे २० पट होतं. प्रयोगशाळेत द्रव खालून आत येऊन रांगेत वर सरकत होता, शेवटी ९५ टक्के प्रक्रिया पूर्ण करून बाहेर पडत होता. कारखान्यात तोच द्रव आत येताक्षणी सगळीकडे पसरतो आणि ताज्या मालाचा काही भाग अर्धवट प्रक्रिया होऊनच बाहेर पडतो. उत्प्रेरक तोच, तापमान तेच, वायूचा वेग तोच, आणि उत्पादन कमी.

उलट दिशेचा धोका बारीक नळ्यात असतो. व्यास साधारण १५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मोठे बुडबुडे वाढत वाढत भिंतीला टेकतात आणि पूर्ण रुंदी व्यापणारे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे गोळे होऊन चढतात. ही स्लग अवस्था. रुंद स्तंभात ती उद्भवतच नाही, कारण इतक्या रुंद बुडबुड्याचं छत टिकत नाही, वरचं जड पाणी त्यात घुसून त्याचे तुकडे करतं. त्यामुळे ५ सेंटिमीटरच्या नळीत स्लग अवस्थेत मिळवलेले आकडे घेऊन २ मीटरचा स्तंभ आखणं म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या प्रवाहावर विसंबणं. माझं स्पष्ट मत आहे की प्रवाहाचा अभ्यास करायचा असेल तर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचा आणि व्यासाच्या पाचपट उंचीचा नळा हवाच. त्याहून लहान नळ्यात रासायनिक क्रियेचा वेग मोजावा, प्रवाहाचे निष्कर्ष काढू नयेत.

सीमा पुढे-मागे करणाऱ्या गोष्टी

स्पार्जरचं छिद्र १ मिलिमीटरपेक्षा बरंच मोठं असेल तर सुरुवातीपासूनच मोठे बुडबुडे निघतात आणि शांत अवस्था येतच नाही. अशा स्तंभात होल्डअपचा आलेख एकसारखा चढत जातो. बारीक छिद्रांच्या स्पार्जरने मात्र तो आधी झपाट्याने चढतो, मग उंचवट्यावर अडखळतो, कधी खालीही येतो, आणि पुन्हा सावकाश चढू लागतो. तो उंचवटा हीच शांत आणि घुसळत्या अवस्थांमधली सीमा.

पाण्यात मीठ घातलं की काय होतं ते समुद्रकिनारी फुटणाऱ्या लाटेत दिसतं. गोड्या पाण्यात बुडबुडे भेटले की पटकन एक होतात. लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ असलं की ते जुळायला कचरतात. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून तिथला फेस बारीक आणि पांढराशुभ्र. बबल कॉलममध्येही क्षार किंवा थोडं अल्कोहोल घातलं की बुडबुडे लहान राहतात, सीमा पुढे सरकते.

साबणासारख्या पृष्ठभागावर बसणाऱ्या अशुद्धींचा परिणाम वेगळ्या वाटेनेही होतो. त्या बुडबुड्याची त्वचा ताठर करतात. दीड-दोन मिलिमीटरचा बुडबुडा अतिशुद्ध पाण्यात ज्या वेगाने चढतो, त्याच्या जवळपास निम्म्याच वेगाने तो अशुद्ध पाण्यात चढतो. म्हणूनच नळाचं पाणी वापरून केलेला प्रयोग आणि ऊर्ध्वपातित पाण्यातला प्रयोग यांचे आकडे जुळत नाहीत, आणि दोघंही बरोबर असतात. सांडपाण्याच्या टाकीत तर साबण, तेल, क्षार सगळंच असतं. तिथे स्वच्छ पाण्यावरून काढलेला ऑक्सिजनचा आकडा तसाच लावता येत नाही.

द्रव चिकट असेल तर बुडबुडे विलीन होतात आणि फुटत नाहीत, त्यामुळे सीमा लवकर येते. पाण्याहून किंचित जास्त चिकटपणा मात्र प्रवाहाला थोडा स्थिर करतो, असंही प्रयोगांत दिसलं आहे.

दाबाचा परिणाम उद्योगाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा आहे. साध्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलो असते, २० पट दाबाखाली ती २४ किलो होते. जड वायूचा मोठा बुडबुडा टिकत नाही, त्याच्या पृष्ठभागावर उठलेली लाट वाढत जाऊन तो फुटतो. मोठे बुडबुडे फुटले की शांत अवस्था जास्त वेगापर्यंत टिकते आणि होल्डअप वाढतो. साध्या दाबावरच्या हवा-पाण्याच्या आकड्यांवरून उच्च दाबाचा स्तंभ आखला तर होल्डअप बराच कमी धरला जाईल आणि स्तंभाची उंची चुकेल.

खूप उंच स्तंभात आणखी एक गुंता असतो. वर उघड्या असलेल्या १० मीटर पाण्याच्या तळाशी दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट असतो. तळाशी निघालेला बुडबुडा वर पोचेपर्यंत दुप्पट आकारमानाचा होतो आणि वायूचा सुपरफिशियल वेगही दुप्पट होतो. म्हणजे खाली ४ असेल तर वर ८. एकाच स्तंभात खाली शांत अवस्था आणि वर घुसळती, असं खुशाल होऊ शकतं. व्यास एका बाजूला आणि वायूचा वेग दुसऱ्या बाजूला मांडून तीन प्रदेश दाखवणारा १९८२ चा शाह आणि सहकाऱ्यांचा नकाशा पाठ्यपुस्तकांत सगळीकडे छापतात. सुरुवातीला तो उपयोगी आहेच. पण त्यात दाब नाही, स्पार्जर नाही, मीठ नाही. त्यावर बोट ठेवून स्तंभाची अवस्था ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

मग कुठली अवस्था चांगली?

शांत अवस्था चांगली आणि घुसळती वाईट असा समज विद्यार्थ्यांत असतो, आणि तो चुकीचा आहे. पेशी नाजूक असतील, किंवा हवा दाबण्याचा खर्चच मुख्य असेल तर शांत अवस्था हवी. सांडपाण्याच्या टाकीत बारीक छिद्रांचे डिफ्यूझर लावतात ते याचसाठी. फिशर-ट्रॉप्शसारख्या क्रियेत मात्र प्रचंड उष्णता निघते. ती आत बसवलेल्या थंड नळ्यांपर्यंत पटकन पोचली नाही तर उत्प्रेरक जळून जाईल. शिवाय उत्प्रेरकाची पूड तळाशी बसू नये म्हणून ती ढवळलेली राहायला हवी. तिथे घुसळती अवस्था जाणूनबुजून निवडतात आणि वायू सेकंदाला १० सेंटिमीटरहून जास्त वेगाने सोडतात. काही जण मधला मार्ग काढतात. स्तंभाच्या आत दुसरा नळा बसवून पाण्याला आतून वर, बाहेरून खाली अशी ठरलेली वाट देतात. त्याला एअरलिफ्ट म्हणतात. इंग्लंडमधल्या बिलिंगहॅम इथे आयसीआय कंपनीने १९८० च्या सुमारास मिथेनॉलवर जिवाणू वाढवून पशुखाद्याचं प्रथिन बनवण्यासाठी असाच १५ लाख लिटरचा एक स्तंभ चालवला होता.

पोलादी भिंतीआड ओळखायचं कसं

कारखान्यातल्या स्तंभाला काच नसते. हवा एकदम बंद करण्याची मुभाही उत्पादन विभाग सहसा देत नाही. तिथे उपयोगी पडतात त्या भिंतीवर एकीच्या वर एक, १ मीटर अंतराने बसवलेल्या दाब मोजण्याच्या दोन जागा. मधे नुसतं पाणी असेल तर दोन्हींतला फरक १००० मिलिमीटर पाण्याचा. तो ८७० दिसला तर मधल्या भागात होल्डअप १३ टक्के. अशा जोड्या तळाशी, मध्यावर आणि वर अशा तीन ठिकाणी ठेवाव्यात, कारण आत्ताच पाहिलं तसं तिन्हीकडची अवस्था वेगळी असू शकते. मग वायू टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा, प्रत्येक टप्प्यावर सुपरफिशियल वेगाला होल्डअपने भागायचं आणि तो आकडा वेगासमोर मांडायचा. वरच्या जागांसाठी वेग काढताना तिथला दाब धरायला विसरायचं नाही. सुरुवातीला हा आकडा २०-२५ सेंटिमीटरच्या आसपास जवळपास आडवा जातो. जिथून तो एकाएकी चढू लागतो, तिथे त्या द्रवासाठी, त्या दाबाला आणि त्या स्पार्जरने शांत अवस्था संपलेली असते. स्पार्जर बदलला, द्रवात नवा पदार्थ आला किंवा दाब बदलला, तर ही मोजणी पुन्हा करायची.